नेड स्टार्कचं काय चुकलं?

आमच्या विंगमध्ये एक जाडजूड पुस्तक फिरतं. मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, कण्याला ड्रॉइंग शीटची पट्टी फेविकॉलने चिकटवलेली, आणि पहिल्या पानावर तीन-चार बॅचच्या पोरांच्या रूम नंबरसकट सह्या. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी. गेल्या पीएलमध्ये ती माझ्या हाती आली. पीएलमध्ये, म्हणजे नेमकी जेव्हा येऊ नये तेव्हा!

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? यावरची टीव्ही मालिका २०११ ते २०१९ अशी आठ सीझन चालली आणि हॉस्टेलमधल्या प्रत्येक हार्ड डिस्कवर ती आहे. बरोबर आहे. पण मी ती पाहिली नव्हती. अख्ख्या विंगमध्ये न पाहिलेला मी एकटाच. आणि हे कळल्यावर या लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की याला कोणी काही सांगायचं नाही. मेसमध्ये ताट घेऊन बसलो की कोणीतरी विचारायचं, “कुठपर्यंत आलास?” मी सांगायचो, “नेड राजधानीत पोचला.” मग सगळे एकमेकांकडे बघायचे आणि मुकाट्याने वरणात पोळी बुडवायचे. मला वाटायचं, माझ्या इंग्रजी वाचण्याच्या स्पीडला हसतायत.

मग एका रात्री अडीचच्या सुमाराला मी ते पुस्तक समोरच्या भिंतीवर फेकलं. कण्याची ती पट्टी त्याच रात्रीची, माझीच कलाकुसर. रूमी झोपेतून उठला, पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “पोचलास वाटतं.”

इथे एक सूचना. ज्यांना ही कादंबरी अजून वाचायची आहे आणि ज्यांनी मालिकाही पाहिलेली नाही (असा अजून एखादा असेलच!), त्यांनी कृपया पान उलटून पुढच्या कवितांकडे जावं. पुढे मी सगळं सांगणार आहे.

आधी हा प्रकार काय असतो ते थोडक्यात. कल्पित जग, त्याचे नकाशे, राजे, तलवारी, जादू, याला फँटसी म्हणतात हे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मुळे बहुतेकांना माहीत आहे. टोल्कीनची ती कादंबरी १९५४-५५ मध्ये आली आणि पुढे तिच्याच वळणाचं बरंच लिहिलं गेलं. त्यात चांगले कोण आणि वाईट कोण हे साधारण पन्नासाव्या पानापर्यंत कळतं, आणि शेवटी कोण जिंकणार याची फारशी काळजी नसते. याला कंटाळून किंवा याच्याशी भांडून जे लिहिलं गेलं ते डार्क फँटसी. काही जण हा शब्द भयकथेला जवळच्या फँटसीपुरताच ठेवतात. मायकल मूरकॉकचा एल्रिक नावाचा आजारी, शापित राजा १९६१ मध्ये आला. ग्लेन कुकने १९८४ मध्ये ‘द ब्लॅक कंपनी’ लिहिली, तिच्यात दुष्टांच्या बाजूने लढणाऱ्या भाडोत्री सैनिकांचीच गोष्ट आहे. आजकाल ‘ग्रिमडार्क’ असाही एक शब्द ऐकू येतो. तो ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाच्या घोषवाक्यातून आला. म्हणजे मार्टिन हा काही पहिला नाही. पण १९९६ साली आलेल्या या पुस्तकाने हा प्रकार आमच्यासारख्यांच्या उशापर्यंत पोचवला.

मार्टिन त्याआधी टीव्हीसाठी लिहायचा. लहानपणापासून फँटसी आणि ऐतिहासिक कादंबऱ्या दोन्ही वाचलेला माणूस. १९८१ मध्ये तो इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीवर उभा राहिला. इसवी सन १२२ मध्ये रोमनांनी उत्तरेकडच्या टोळ्यांना अडवायला बांधायला घेतलेली ही भिंत, लांबी साधारण ११७ किलोमीटर. त्यावरून त्याला सुचलेली भिंत कादंबरीत आहे ती बर्फाची, ३०० मैल लांब आणि ७०० फूट उंच. (आमच्या सिव्हिलच्या मित्राने लगेच गणित करून दाखवलं: ७०० फूट बर्फाच्या तळाशी दर चौरस सेंटीमीटरला १९ किलोच्या वर भार येतो. एवढ्या भाराखाली बर्फ हिमनदीसारखा हळूहळू वाहायला लागेल, भिंत कसली उभी राहतेय! त्याला सांगितलं, जादूची आहे. तो म्हणाला, मग फॅक्टर ऑफ सेफ्टी जादूच आहे.) राजघराण्यांच्या भांडणाचा साचा घेतला तो इंग्लंडमधल्या पंधराव्या शतकातल्या ‘वॉर्स ऑफ द रोझेस’मधून. यॉर्क आणि लँकेस्टर ही खरी घराणी. कादंबरीतली स्टार्क आणि लॅनिस्टर. नावं नुसती उच्चारली तरी नातं कळतं.

आणि हो, हा माणूस हे सगळं लिहितो ते डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार ४.० मध्ये, इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर. हे त्याने स्वतः २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितलं. आपल्या लॅबमधल्या मशीन्सना नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता गोष्ट. नेड स्टार्क हा उत्तरेकडचा सरदार. पहिल्याच प्रकरणात तो आपल्या सात वर्षांच्या मुलाला, ब्रॅनला, एका पळपुट्या शिपायाचा शिरच्छेद बघायला घेऊन जातो. जल्लाद वगैरे नाही. नेडचं म्हणणं असं की, ज्याने शिक्षा सुनावली त्यानेच तलवार चालवली पाहिजे. मरणाऱ्याच्या डोळ्यांत बघण्याची हिंमत नसेल तर शिक्षा देऊ नये. तलवारीचं नाव ‘आइस’. हे वाचलं आणि मी या माणसाचा झालो. तुम्ही पण झाला असतात.

मग राजा रॉबर्ट, म्हणजे त्याचा जुना मित्र, त्याला राजधानीत आपला कारभारी म्हणून बोलावतो. आधीच्या कारभाऱ्याचा मृत्यू संशयास्पद. नेड तपास करत जातो आणि त्याला कळतं की, राणी सर्सीची तिन्ही मुलं राजाची नाहीतच, तिच्या सख्ख्या भावाची आहेत. कसं कळतं? राजाच्या बाहेरख्याली उद्योगांतून झालेली मुलं सगळी काळ्या केसांची. वंशावळीचा एक जाड ठोकळा चाळला तर त्यातही या दोन घराण्यांच्या लग्नातून दर वेळी काळ्याच केसांची मुलं. आणि राणीची तिन्ही मुलं मात्र सोनेरी केसांची. म्हणजे बारावीच्या बायोलॉजीतला मेंडेल! शेवटचा खटका दाबते ती त्याची थोरली मुलगी सान्सा. राजपुत्र त्या दारुड्या राजासारखा मुळीच नाही असं ती सहज बोलून जाते आणि नेडच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो.

यापुढे कोणत्याही सरळ कादंबरीत काय होईल? नेड राजाला सांगेल, राणी पळेल, पाठलाग होईल, तलवारी खणखणतील. मी तेच धरून चाललो होतो.

नेड राणीला एकटीला बोलावतो आणि सांगतो, मला सगळं कळलंय; राजा शिकारीहून परत आला की मी त्याला सांगणार आहे; त्याच्या आत तू मुलांना घेऊन दूर निघून जा.

इथेच मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

राणी अर्थातच पळत नाही. राजा शिकारीत रानडुकराकडून जखमी होऊन येतो. त्याला नेहमीपेक्षा कडक दारू पाजण्याची सोय राणीच्या माणसाने केलेली असते. मरणाच्या दारातला राजा मृत्युपत्र सांगतो. तो म्हणतो, ‘माझा मुलगा जॉफ्री’. नेड लिहितो, ‘माझा वारस’. मरणाऱ्या मित्राला खरं सांगून त्याचं शेवटचं दुखणं वाढवावं असं त्याला वाटत नाही. राजाचा धाकटा भाऊ रेन्ली म्हणतो, माझ्याकडे शंभर तलवारी आहेत, आज रात्रीच मुलांना ताब्यात घेऊ. नेड नाही म्हणतो, झोपलेल्या पोरांना बिछान्यातून ओढायचं नाही. तिकडे सान्सा, घरी परत जावं लागेल या दुःखात, बापाचा बेत भोळेपणाने राणीच्या कानावर घालून बसलेली. दुसऱ्या दिवशी दरबारात राणी मृत्युपत्र टराटरा फाडते, ज्यांच्या भरवशावर नेड आला ते शहराचे शिपाई उलटतात आणि ज्याने त्यांना विकत घेऊन दिलं असं नेड समजत होता, तोच त्याच्या गळ्याला सुरी लावतो.

तरीही मला काळजी नव्हती. खरंच सांगतो! तुरुंगात टाकलंय ना, मग सुटेल. हिरो आहे तो.

शेवटी त्याला देवळासमोर गर्दीत आणतात, त्याच्याकडून खोटा गुन्हा कबूल करवून घेतात. ठरलेलं असतं की त्याला भिंतीवर आयुष्यभर पहारा द्यायला पाठवायचं. आणि बारा-तेरा वर्षांचं ते राजेपणाचं पोर, जॉफ्री, सगळ्यांसमोर शब्द फिरवतं आणि डोकं मागतं. डोकं उडतं ते नेडच्याच ‘आइस’ तलवारीने. जल्लादाच्या हातून.

अडीच वाजले होते.

राग उतरल्यावर, म्हणजे दोन दिवसांनी (मधे एक सबमिशन होतं, जीटी मारून केलं), मी ते पुस्तक परत उघडलं आणि वहीच्या मागच्या पानावर मोजायला बसलो. शिक्षणाचा परिणाम, दुसरं काय. ‘ही ट्रिक केली कशी’ एवढंच बघायचं होतं.

पुस्तकात सुरुवातीचं एक प्रास्ताविक प्रकरण सोडलं तर ७२ प्रकरणं आहेत. प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचं नाव, आणि त्या प्रकरणात आपण फक्त त्याच्याच डोक्यात असतो. त्याला जे दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. अशी आठ पात्रं. त्यांत नेडची प्रकरणं १५, सगळ्यांत जास्त. त्याच्या बायकोची ११, धाकट्या मुलीची, आर्याची, फक्त ५. म्हणजे लेखकाने इमारतीचा सगळ्यांत जाड खांब कोणता हे आपल्याला न सांगता मनावर ठसवलेलं असतं. आपण वाचक म्हणून त्या खांबाला टेकून बसतो. आणि खांब काढल्यावरही सात प्रकरणं शिल्लक असतात, इमारत उभीच असते! भार आधीच दुसरीकडे वळवलेला होता, मुलांवर आणि त्या बुटक्या टिरियनवर. आपल्याला तो वळताना दिसला नाही इतकंच.

याहून भारी गोष्ट मला दुसऱ्या वाचनात सापडली. नेडचं शेवटचं प्रकरण अंधारकोठडीत आहे. वरीस नावाचा हेरखात्याचा माणूस वेषांतर करून त्याला भेटायला येतो आणि त्याला विचारतो की, राणीला आधी सांगण्याचा वेडेपणा कुठून सुचला? नेडचं उत्तर, दया. मग वरीस त्याला सांगतो की खोटा गुन्हा कबूल कर. नेड स्वतःच्या जिवासाठी तयार होत नाही. तेव्हा वरीस जाता जाता सान्साच्या जिवाचं काय असं विचारतो आणि प्रकरण तिथेच संपतं. नेडने काय ठरवलं ते आपल्याला त्याच्या डोक्यातून कळतच नाही. पंधरा प्रकरणं आपण ज्या डोक्यात राहिलो, त्याचा सगळ्यांत मोठा निर्णय होतो तेव्हा लेखक आपल्याला बाहेर काढून दार लावून घेतो. पुढचं सगळं आपण बघतो ते गर्दीत पुतळ्यावर चढलेल्या आर्याच्या डोळ्यांनी. ऐन क्षणी एक जण तिचं तोंड आपल्या अंगाशी दाबून धरतो, म्हणून तिलाही दिसत नाही, आपल्यालाही नाही. रक्ताचा एक थेंब न दाखवता लिहिलेला शिरच्छेद आहे तो. आणि लोक म्हणतात मार्टिन फार हिंसक लिहितो! लिहितो, पण इथे नाही.

आपल्याकडे वाचकाला मरणाचं वावडं आहे असं नाही. ‘मृत्युंजय’ आपल्यापैकी किती जणांनी दहावीच्या सुट्टीत वाचलं असेल. शिवाजी सावंतांची ती १९६७ ची कादंबरीसुद्धा अशीच वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून सांगितलेली आहे, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली वगैरे. पण कर्ण मरणार हे पहिलं पान उघडायच्या आधी आपल्याला ठाऊक असतं. ‘पानिपत’चं तेच. आपण रडायची तयारी करूनच बसतो. उलट नारायण धारपांच्या गोष्टींत कितीही काळंबेरं आलं तरी एकदा समर्थ दारात उभे राहिले की हायसं वाटतं. मार्टिनने या दोन्ही सोयी काढून घेतल्या. त्याने मुलाखतींतून म्हटलेलं आहे की, ऐतिहासिक कादंबऱ्या त्याला आवडतात पण कोण जिंकणार हे आधीच माहीत असतं ही त्यातली अडचण. म्हणून त्याने इतिहासासारखी दिसणारी गोष्ट लिहिली, पण निकाल माहीत नसलेली. आणि समर्थ येतच नाहीत.

आता ते गॅलरीत जाऊन उभं राहण्याचं कारण.

ही गोष्ट इथली नाही, मी डिप्लोमाला होतो तेव्हाच्या हॉस्टेलची. (रेक्टर सर हा अंक वाचतात म्हणून आधीच सांगितलेलं बरं.) तिथे दर महिन्याला मुलांपैकी दोघे मेस सेक्रेटरी असायचे. माझी पाळी आली. सकाळी दूध यायचं तेव्हा मी कॅन मोजायचो, कारण मला मोजायची सवय आहे. रजिस्टरला ४० लिटर लागायचं आणि यायचं ३०. आठ दिवस मोजलं, आठही दिवस तेच. मेस बघणारे काका चांगले होते. माझ्या तापात त्यांनी मला रूमवर पेज आणून दिली होती. त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. मी बुधवारी रात्री मेस बंद झाल्यावर त्यांना गाठलं आणि म्हणालो, “काका, हे मी सोमवारी रेक्टर सरांना दाखवणार आहे. त्याआधी तुम्ही स्वतःच जाऊन सांगून टाका. तुमच्या दृष्टीने बरं पडेल.”

काका म्हणाले, “बरं केलंस सांगितलंस बाळा.”

सोमवारी रजिस्टर नवीन होतं. तेच अक्षर, तेच तारखांचे रकाने, आणि दूध ३० लिटर. आणि माझ्याविरुद्ध एक अर्ज आधीच ऑफिसात पोचला होता, की मी मित्रांना गेस्ट कुपनं फुकट वाटतो. माझी आठ दिवसांची मोजणी माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात. तिला कोण विचारतो? सेक्रेटरीपद गेलं ते गेलं, पण उरलेलं वर्षभर पोळ्यांच्या लाइनीत मागून येणारा आवाज, “कुपन मिळेल का?” घरी मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही. आता छापून येईल तेव्हा कळेल.

त्यामुळे नेड त्या बागेत राणीला शांतपणे सांगत होता तेव्हा मला पुढचं सगळं दिसलं. नेमकं काय होणार ते नाही, पण रजिस्टर बदललं जाणार हे दिसलं. तरी मी वाचत गेलो, कारण मला वाटत होतं की पुस्तकात तरी असं होणार नाही. मला वाटतं मी भिंतीवर फेकलं ते याच्यासाठी, त्याच्या मरण्यासाठी नाही.

रूमीचं मत ठाम आहे. “नेड बावळट होता. तू पण होतास. पत्ते दाखवून कोण खेळतं?” विंगमधल्या बहुतेकांचं हेच मत आहे, आणि मालिका बघितलेल्यांचं तर शंभर टक्के. बरेच दिवस मीही मान हलवत होतो.

पण पुस्तकात अजून एक धागा आहे, तो घाईत वाचताना सुटतो. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी रॉबर्टने गादी मिळवली तेव्हा आधीच्या राजघराण्यातल्या दोन लहान मुलांची प्रेतं लाल झग्यांत गुंडाळून त्याच्यापुढे ठेवली गेली होती. रॉबर्टला त्यात वावगं वाटलं नाही. नेडला वाटलं, आणि दोघांत फाटलं होतं. पुढे याच पुस्तकात रॉबर्ट समुद्रापलीकडच्या डेनेरिस नावाच्या गरोदर पोरीला मारायचा हुकूम काढतो, तेव्हा नेड कारभारीपद सोडतो. राणीला आधी सांगतो ते का? राजाला कळलं तर तो त्या तीन मुलांचं काय करील हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं आहे म्हणून. रेन्लीला नाही म्हणतो तेही झोपलेल्या मुलांसाठी. आणि शेवटी, सगळं आयुष्य खरं बोलण्यात घालवलेला माणूस हजारो लोकांसमोर खोटं बोलून मरतो, ते आपल्या मुलीसाठी. हे सगळं एका रेषेत ठेवून बघा. त्याला पत्ते कळत नव्हते असं नाही. त्याला मुलं पणाला लावून खेळायचंच नव्हतं. माणसं ओळखण्यात तो कच्चा होता हे मात्र मान्य. गळ्याला सुरी लावणाऱ्यावर विश्वास ठेवला, त्याला माझ्याकडे काही उत्तर नाही.

हे मी रूमीला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे परत तीच वेळ आली तर परत सांगशील काकांना?”

मी म्हटलं, आधी रजिस्टरची झेरॉक्स काढीन. मग सांगीन.

तो हसला. मग बराच वेळ काही बोलला नाही, आणि नंतर म्हणाला की ‘वंशावळीचा तो ठोकळा नेडने पण कुठेतरी लपवून ठेवायला हवा होता.’

पुस्तक सध्या फर्स्ट इयरच्या एका मुलाकडे आहे. कोकणातला आहे, मालिका पाहिलेली नाही. परवा मेसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “दादा, नेड राजधानीत पोचला. जबरदस्त माणूस आहे ना?”

समोर रूमी बसला होता. त्याने वरणात पोळी बुडवली.

मी म्हटलं, “आहे. वाच.”